न दिसलेल्या बिबट्याचा तास

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दार लागते. सोमवारी उद्यान बंद असते. एरवी, आणि त्यातही डिसेंबर-जानेवारीत, सकाळपासून दारापाशी शाळांच्या बसगाड्या लागलेल्या दिसतात. गणवेशातली पोरे रांगेने उतरतात, बाई डोकी मोजतात, कुणाचा तरी डबा गाडीतच राहिलेला असतो, आणि आत पाऊल पडायच्या आधीच ठरलेला प्रश्न येतो : "बाई, बिबट्या दिसणार ना?"

खरे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते. बिबट्या हिंडतो तो प्रामुख्याने अंधार पडल्यावर. माणसाची चाहूल लागली की तो झुडपाआड होतो, आणि पन्नास मुलांची रांग ही नुसती चाहूल नसते, ती वरात असते. बाई मात्र मुलांचा हिरमोड नको म्हणून "बघू या हं" असे म्हणतात. तिथेच दिवसाचा पहिला धडा हातचा जातो. कारण 'दिसणार नाही, पण तो इथे आहे हे आपण शोधून काढणार आहोत' असे त्या म्हणाल्या असत्या, तर विज्ञानाचा तास दारातच सुरू झाला असता.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे उद्यान मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मध्ये सापडले आहे. भोवती एक कोटीहून जास्त माणसे राहतात. २०१५ साली उद्यानात आणि लगतच्या भागात स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा ३५ वेगवेगळे बिबटे नोंदले गेले. ज्याला कुणी सहसा पाहत नाही, त्याची ही मोजदाद झाली तरी कशी?

पद्धत अशी. जंगलातल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. समोरून ऊब असलेले काही हलले की दोन्ही कॅमेरे एकदम फोटो काढतात. एकाच्या जागी दोन कॅमेरे का, हे मुलांना सांगू नये, विचारावे. बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात, त्यामुळे एकाच बाजूचा फोटो असेल तर उद्या दुसऱ्या बाजूने आलेला तोच बिबट्या नवा समजला जाईल. आणि दोन बिबट्यांचे ठिपके तर कधीच जुळत नाहीत. शिक्षकाने बिबट्याच्या एकाच कुशीचे पाच-सहा फोटो छापून आणले, त्यातले दोन एकाच प्राण्याचे ठेवले आणि 'जोडी शोधा' म्हटले, तर सहावीचा वर्ग अर्धा तास मान वर करत नाही. कुणी खांद्याजवळची तुटकी कडी पकडतो, कुणी पोटाजवळच्या तीन ठिपक्यांचा त्रिकोण. संशोधकही ओळख पटवतात ती अशाच जुळणीने. आता संगणक त्यांच्या मदतीला असतो, एवढाच फरक.

पण कॅमेऱ्यात सगळेच बिबटे येतात असे नाही. मग न आलेले कसे मोजायचे? त्यासाठी जंगलात जावे लागत नाही, वर्गात राजम्याची पिशवी पुरते. पिशवीतून ४० दाणे काढून त्यांवर शाईची खूण करायची आणि परत टाकून पिशवी नीट हलवायची. मग न बघता ५० दाणे काढायचे. त्यात खूण केलेले १० निघाले, तर खुणेचे दाणे एकूण दाण्यांच्या पाचवा हिस्सा आहेत असे धरता येते, म्हणजे पिशवीत अंदाजे २०० दाणे असावेत. नंतर पिशवी ओतून खरोखर मोजायचे. उत्तर २०० येणार नाही. १८३ येईल किंवा २२१ येईल. का चुकले, पिशवी पुरेशी हलवली होती का, पुन्हा केले तर अंदाज सुधारेल का, यावर वाद होईल आणि तो होऊ द्यावा. वन्यजीवांच्या गणनेची आजची गणिते याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहेत, पण त्यांचा पाया असा पिशवीतल्या दाण्यांपाशीच आहे.

याआधी भारतात वाघ मोजले जात ते पावलांच्या ठशांवरून. वनरक्षक ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवून घेत, आणि अनुभवी डोळा 'हा अमुक वाघ' असे सांगे. ही पद्धत दशकानुदशके चालली. मग २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात कागदोपत्री वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघडकीला आले. त्यानंतर देशपातळीवरच्या गणनेतून ही जुनी रीत गेली आणि कॅमेरे व संख्याशास्त्र यांच्यावर आधारलेली नवी रीत आली. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात निष्कर्ष छापलेले असतात, मोडीत निघालेल्या पद्धती सहसा नसतात. सरिस्काची गोष्ट मुलांना ठसे दाखवतानाच सांगावी, कारण ठसा बघितला की त्यावर विश्वास टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो.

ठसे निरुपयोगी झाले, असे मात्र नाही. वाटेवरच्या मऊ धुळीत किंवा ओढ्याकाठच्या ओल्या मातीत उमटलेला ठसा दिसला की पहिला प्रश्न : कुत्रा की बिबट्या? कुत्र्याच्या ठशात बोटांच्या पुढे नखांच्या टोकांच्या खुणा असतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्या नसतात. त्याच्या तळव्याच्या गादीला मागच्या बाजूने तीन उंचवटे दिसतात. एकदा हे दाखवले की मुलांच्या नजरा खाली जातात आणि रांग आपोआप शांत होते. 'गप्प बसा' असे दहा वेळा ओरडून जे साधत नाही ते एका ठशाने साधते. पुढे वाटेवर विष्ठा सापडली आणि ती सुकून पांढुरकी झालेली, आत केस गुरफटलेली असली, तर आधी "शीऽऽ" होणार. होऊ द्यावे. मग काडीने उकलून दाखवावे की पांढरेपणा हाडांतल्या कॅल्शियमचा आहे, आणि हे केस ज्याचे, तो परवाचा आहार. प्रयोगशाळेत हेच केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि त्यांच्या रचनेवरून चितळ, सांबर, कुत्रा असा प्राणी ओळखतात.

असल्या विष्ठांचा अभ्यास करून विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या ऊसपट्ट्यात बिबटे काय खातात ते शोधले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्यांच्या आहाराचा, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के भाग पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. मुंबईबद्दल २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हा धागा आणखी पुढे नेला. उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री मारत असावेत, आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या हजारभर घटना व रेबीजची ९० च्या आसपास संभाव्य प्रकरणे टळत असावीत, असा अंदाज त्यात मांडला आहे. 'असावेत' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आठवी-नववीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर उलगडून दाखवावा : बिबटे किती, एकाला वर्षाला अन्न किती लागते, त्यात कुत्र्यांचा वाटा किती, एक कुत्रा वर्षाला किती जणांना चावतो. प्रत्येक पायरीवर एक आकडा आहे, आणि प्रत्येक आकडा थोडा इकडे-तिकडे केला की शेवटचे उत्तर किती हलते ते पाहता येते.

आणि याच बिबट्यांच्या विषयात 'शहाणपणाचे वाटते ते करून पाहिले आणि उलटे झाले' अशी एक गोष्ट आहे. जुन्नर भागात २००१ पासून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडायचा सपाटा लागला. बिबट्या गावाजवळ दिसतो ना, मग न्या उचलून, असा साधा हिशेब. त्यानंतर त्या भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असे अत्रेय यांच्या २०११ च्या शोधनिबंधात नोंदले आहे. मुंबईतही २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेने हल्ल्यांची मालिका झाली होती. पुढे २०११ मध्ये वनविभाग, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू केला. बिबटे हलवण्याऐवजी त्याने भर दिला तो माहितीवर : कचरा उघड्यावर टाकू नये, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, बिबट्या दिसला की गर्दी करून त्याला कोंडू नये. शाळेच्या सहलीत सांगायची सुरक्षिततेची सूचनाही यामुळे नुसती सूचना राहत नाही, तिच्यामागे आकडे उभे राहतात.

आता सहलीकडे. सहलीने मुले काही शिकतात का, हा प्रश्न शिक्षणशास्त्रज्ञांनी बराच चघळला आहे. १९७८ साली अमेरिकेत जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना झाडीच्या जागी नेऊन एक ठरावीक पाठ दिला. ज्यांना अशा झाडीची आधीपासून सवय होती ती मुले पाठ शिकली. ज्यांना ती जागा सर्वस्वी नवी होती, त्यांचे लक्ष पाठाकडे लागेना. त्यांच्या ध्यानात राहिले ते भोवतालचे. म्हणजे ती काही शिकली नाहीत असे नव्हे, त्यांनी जागा शिकून घेतली. शिक्षकाला जे 'लक्ष नाही' असे वाटते, ते पुष्कळदा दुसरीकडे लागलेले लक्ष असते.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतले नीर ओरायन आणि आवी हॉफस्टाइन यांनी १९९४ मध्ये हीच गोष्ट अधिक नेमकी केली. त्यांच्या मते नवखेपणा तीन प्रकारचा असतो. विषय नवा, जागा नवी, आणि 'आज नेमके काय होणार' हेही नवे. तिसऱ्याकडे शाळा साफ दुर्लक्ष करतात. डबा कधी खायचा, शौचालय कुठे आहे, किती चालायचे आहे, परत कधी निघायचे, हे मुलाला माहीत नसेल तर ते दिवसभर तेच विचारत राहते, आणि विचारायची लाज वाटली तर मनात घोळवत राहते. सहलीच्या आदल्या आठवड्यात फळ्यावर उद्यानाचा नकाशा काढून 'इथे उतरणार, इथे पाणी भरायचे, इथे जेवायचे, इथे आपले काम' एवढे सांगण्याला वीस मिनिटे लागतात. बहुतेक शाळांत ती वीस मिनिटे पालकांच्या संमतीपत्रांचे गठ्ठे लावण्यात जातात.

फॉकच्या निष्कर्षाला आपल्याकडे एक मजेशीर बाजू आहे. उद्यानात आणि शेजारच्या आरे, येऊरच्या भागात वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. वाघोबाची ठाणीही आहेत. या पाड्यांतली मुले मुंबई-ठाण्याच्या शाळांत जातात. वर्गातल्या चाळीस जणांना ओंबील, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, कोणत्या झाडावर असतात ते ठाऊक नसते, आणि एकाला ठाऊक असते. त्या एकाला सहलीच्या दिवशी पुढे ठेवले, तर वर्गाला फुकटात मार्गदर्शक मिळतो.

मार्गदर्शक असल्याने किती फरक पडतो, त्याचेही मोजमाप झाले आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलेल्या ७ ते १५ वर्षांच्या सुमारे ३ हजार मुलांचा अभ्यास एरिक जेन्सन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. भेटीच्या आधी आणि नंतर मुलांना आवडत्या प्राण्यांचे, त्यांच्या अधिवासासह, चित्र काढायला दिले होते. शिक्षकतज्ज्ञासोबत फिरलेल्यांपैकी ४१ टक्के मुलांत आणि आपले आपण फिरलेल्यांपैकी ३४ टक्के मुलांत समज वाढल्याचे दिसले. उलट, चुकीच्या कल्पना घेऊन परतण्याचे प्रमाण मार्गदर्शक नसलेल्या गटात जास्त होते. हे आकडे उत्साहावर थोडे पाणी ओततात, आणि ओतावेच. जाणकार सोबत असूनही निम्म्याहून अधिक मुलांच्या चित्रांत सुधारणा दिसली नाही.

चुकीच्या कल्पना कशा रुजतात, याचे उत्तम उदाहरण भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. १८६० च्या दशकारंभी उघडलेल्या या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांना पाहायला मिळू लागले. काचेपलीकडे गारवा, अलीकडे मुंबईचा उकाडा. कुठल्याही मुलाला विचारा, पेंग्विन बर्फात राहतो असेच ते सांगेल. पण हम्बोल्ट पेंग्विन राहतो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. तिथे बर्फाचे नाव नाही, बाजूला कोरडे वाळवंट आहे, आणि समुद्रातून गार पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो. काचेसमोर उभे राहून 'याच्या खोलीत बर्फ का ठेवला नसेल?' एवढे विचारले, तर भूगोल आणि जीवशास्त्र दोन्ही एका वाक्यात येतात. न विचारले तर मूल बर्फाची कल्पना आणखी पक्की करून घरी जाते. राणीच्या बागेतली जुनी झाडे तर सहसा कुणाच्या नजरेत भरतच नाहीत. पेंग्विनची रांग लांब असते.

बोरिवलीच्या सफारीतही हा धोका आहे. जाळीच्या गाडीतून वाघ-सिंह दिसतात, पोरे खूश होतात, आणि बोरिवलीच्या जंगलात सिंह असतात असे गृहीत धरून घरी जातात. २०२२ च्या नोव्हेंबरात गुजरातमधून सिंहाची जोडी इथे आणली गेली, ती वाघांच्या बदल्यात. आशियाई सिंह रानटी अवस्थेत आज फक्त गीरच्या परिसरात उरला आहे. सफारीला नेऊ नये असे कुणी म्हणणार नाही, पण सफारी शेवटी ठेवावी. सुरुवातीलाच सिंह दाखवला की नंतर कोळ्याकडे कोण बघणार?

आणि कोळ्यासारख्या बारक्या जिवांपाशीच या जंगलाचा खरा खजिना आहे. इथे पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक आणि फुलपाखरांच्या दीडशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातले सगळे दाखवायची घाई म्हणजे फलकांवरची नावे वहीत उतरवण्याचा कारखाना. त्यापेक्षा एका उंबरापाशी वीस मिनिटे थांबावे. खोडालाच लगडलेले, नुकतेच पिकायला आलेले एक उंबर तोडावे आणि शिक्षकाने पात्याने त्याचे दोन भाग करावेत. मुले म्हणतील, किडके आहे. ते किडके नाही. आतल्या भिंतीवर जे दाटीने दिसते ती उंबराची फुले. ती बाहेर येतच नाहीत, आतल्या आत फुलतात. फळाच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. त्यातून चिलटाएवढी गांधीलमाशीची मादी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, सोबत आणलेले पराग इतरांवर पडतात, आणि ती तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मीलन करायचे, फळाच्या भिंतीतून बाहेर जायला बोगदा खणायचा आणि मरायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. त्या बोगद्यातून परागांनी माखलेल्या माद्या दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. उंबर फोडून केंबरे काढू नयेत असे आपल्याकडे म्हणतात. शाळेच्या सहलीत मात्र ती जरूर काढावीत.

उंबर वर्षात अनेकदा फळतो, तेव्हा हा पाठ कुठल्याही महिन्यात होतो. सगळ्याच पाठांचे तसे नाही. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. हा प्रयोग पावसाळ्यात, पाने कोवळी असताना. त्याच सागाची पाने सप्टेंबर-ऑक्टोबरात शिरांची नुसती जाळी होऊन लटकतात, कारण एका पतंगाच्या अळ्यांनी हिरवा भाग खाल्लेला असतो. ओंबीलच्या मुंग्या पानांच्या कडा एकमेकींना धरून जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या जबड्यात धरून फिरवतात आणि अळ्यांच्या तोंडून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जातात. हे घरटे दुरून पाहावे. जवळ गेलेल्याला त्याचे कारण लगेच कळते.

शाळांचे सहलीचे वेळापत्रक या सगळ्याच्या उलट आहे. पहिली सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, मग सहल, म्हणजे डिसेंबर उजाडतो. तोवर ओढे आटू लागलेले असतात, गवत पिवळे पडलेले असते, कीटकांची धामधूम ओसरलेली असते. पावसाच्या शेवटच्या आठवड्यांत चिखल आहे, जळवा नाहीत तर निदान डास आहेत, पालकांची 'सर्दी होईल'ची फोनाफोनी आहे, हे सारे खरे. पण जंगलाचा भरात आलेला महिना सोडून ओसरलेला निवडायचा, आणि मग मुलांना निसर्गात रस नाही म्हणायचे, हे काही खरे नाही.

कारवीने तर शाळांना एक कोडेच घालून ठेवले आहे. सह्याद्रीच्या उतारांवर दाटीने वाढणारे हे झुडूप सात वर्षे नुसते पानांवर काढते आणि आठव्या वर्षी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, सगळे एकदम जांभळे फुलते. नंतर बी धरून ते मरते. उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली, म्हणजे पुढची पाळी २०३२. जे मूल २०१६ मध्ये पहिलीत होते ते २०२४ मध्ये नववीत गेले. म्हणजे पहिलीत किंवा दुसरीत कारवी पाहायला मिळाली, तरच दहावीच्या आत ती पुन्हा बघायची संधी येते. बाकीच्यांना शाळेच्या आयुष्यात एकदाच. सगळी झुडपे एकाच वर्षी का फुलत असतील, यावर वैज्ञानिकांचा एक तर्क असा : एका हंगामात इतके बी पाडायचे की ते खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ उरावे. मुले यापेक्षा वेगळे तर्क लढवतात, आणि त्यातले काही तपासून पाहण्याजोगे असतात. मरणाऱ्या कारवीच्या काठ्या विणून, वर शेणमातीने लिंपून घरांच्या कुडाच्या भिंती होतात. पाड्यावरच्या मुलाला हा भाग शिकवावा लागत नाही.

उद्यानाच्या पोटात दोन तलाव आहेत. विहार १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हेच दोन शहरालगत आहेत, बाकीचे पाच लांब ठाणे-नाशिकच्या डोंगरांत. तुळशीच्या बाजूने दहिसर नदी निघते, विहार आणि पवईच्या सांडव्यातून मिठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी कुणाकुणाच्या घरात शिरली, हे आजच्या मुलांच्या आईवडिलांना आठवते. पाण्याचा हिशेब इथे त्याहून जुना आहे : उद्यानातल्याच कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून खडकात पाण्याची टाकी खोदली, आणि त्यांत पावसाचे पाणी उतरवायला पन्हळी कोरल्या. चढताना दम लागतो, टाक्यापाशी बसून पाणी प्यायचे आणि एका टाक्याची लांबी, रुंदी, खोली मोजून त्यात किती लिटर मावेल ते काढायचे. सातवीचे घनफळ एवढ्या हौसेने दुसरीकडे कुठे सुटत नाही.

मुलांना भोवतालातून शिकवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. खडे, बिया, पाने हेच तिचे शैक्षणिक साहित्य. शहरातली शाळा आज मुलांना बसमध्ये भरून कुरणाकडे नेते, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांच्या हातात छापील प्रश्नपत्रिका देते, हा प्रवास ताराबाईंना बहुधा गमतीचा वाटला असता.

सरकारी पातळीवर पाठबळ कमी नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये पर्यावरण शिक्षण शाळांत सक्तीचे करण्यास सांगितले. तिसरीपासून 'परिसर अभ्यास' हा विषय आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्याचा मूळ भर स्थानिक कारागीर आणि व्यवसायांवर असला, तरी एखाद-दुसरा दिवस जंगलासाठी काढायला कुणाची हरकत नसावी. गोरेगावला चित्रनगरीच्या शेजारी, सुमारे ३३ एकर झाडीत, १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. उद्यानातही निसर्ग माहिती केंद्र आहे. उद्यानातल्या शिलोंड्यासारख्या वाटेवर जायला परवानगी काढावी लागते आणि सोबत माहीतगार घ्यावा लागतो. त्याचा जाच वाटून न घेता पत्र महिनाभर आधी पाठवलेले बरे.

सहलीनंतरचा आठवडा बहुतेक शाळांत 'माझी अविस्मरणीय सहल' या निबंधात संपतो. त्या निबंधांत बस, खाऊ आणि अंताक्षरी असते, उंबर क्वचित. त्याऐवजी काही शाळा मुलांना आवारातल्या एकाच झाडाची जबाबदारी देतात. बंगळुरूहून २०१० च्या सुमारास सुरू झालेला 'सीझनवॉच' हा उपक्रम यावरच उभा आहे. आपले एक झाड निवडायचे, दर आठवड्याला त्याची पाने, कळ्या, फुले, फळे बघायची, आणि 'नाहीत', 'थोडी' की 'पुष्कळ' एवढेच नोंदवायचे. केरळातल्या शाळांनी यात सर्वांत जास्त नोंदी केल्या. तिथे विषूच्या सणाला एप्रिलमध्ये ज्याची फुले लागतात तो बहावा सणाच्या बराच आधी फुललेला या नोंदींत दिसू लागला. एकेका मुलाची नोंद किरकोळ असते, हजारो झाडांची मिळून ती हवामानाच्या अभ्यासकांना उपयोगी पडते. बहावा महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांच्या आवारात आहे. त्याच्याखाली पाचवीचा वर्ग उभा केला की पहिल्याच आठवड्यात भांडण होते : एक म्हणतो 'थोडी' फुले आहेत, दुसरा म्हणतो 'पुष्कळ'. मग किती फांद्या फुलल्या म्हणजे पुष्कळ म्हणायचे ते आधी ठरवू, असे कुणीतरी सुचवते, आणि सगळे फांद्या मोजायला लागतात.